मानेवाड्याच्या गॅरेजातलं मुजेलो

(दृश्य: अर्धं उघडं शटर. कूलरचा आवाज.)

मानेवाडा रोड, नागपूर. मे महिन्यातली दुपार. या वेळेला गॅरेजात गिऱ्हाईक फिरकत नाही. आत कूलरच्या पुढ्यात एक मोटारसायकल उभी आहे, तिला चाकं नाहीत. गॅरेजवाल्याच्या पोरानं ती कॉम्प्युटरवर रेसिंगचा गेम खेळायला बनवली आहे.

शंभर सीसीच्या भंगार गाडीची ही चेसिस. खाली लोखंडी अँगलची चौकट, मधोमध बेअरिंग. दोन्ही बाजूंना जुने शॉकअप लावलेत, गाडी कलली की तेच तिला सरळ करतात. एक्सलेटरची वायर गेली आहे एका छोट्या पोटेन्शिओमीटरला. मूठ किती पिळली, ते तो कॉम्प्युटरला कळवतो.

(दृश्य: ब्रेक लिव्हर, अगदी जवळून. दोन बोटं.)

हा पुढचा ब्रेक. लिव्हरमागे लोड सेल आहे, किराणा दुकानातल्या बिघडलेल्या वजनकाट्यातून काढलेला. लिव्हर किती सरकली हे तो बघत नाही. बोटांनी किती जोर लावला, तेवढंच मोजतो. खऱ्या ब्रेकची ओळखही बोटांना जोरावरूनच असते. हा एक सुटा भाग बसवायला या पोराला तीन आठवडे लागले. आम्हाला विचाराल तर अख्ख्या गाडीत सगळ्यात मोलाची वस्तू हीच.

(दृश्य: पडदा. मुजेलोचा सरळ रस्ता.)

इटलीतलं मुजेलो, मोटारसायकल शर्यतींचा ट्रॅक. एक फेरी 5.245 किलोमीटरची. 2023 साली मोटोजीपी शर्यतींतल्या ब्रॅड बाइंडरनं इथल्या सरळ रस्त्यावर ताशी 366.1 किलोमीटरचा वेग गाठला होता. रस्ता संपता संपता एक उंचवटा येतो, गाडी हलकी होते, आणि लगेच उजवीकडचं वळण, सान डोनातो. ब्रेक उशिरा धरला तर गाडी सरळ खडीत. घाईनं आवळला तर मागचं चाक उचलतं. ब्रेक धरूनच गाडी कलवत नेली, तर पुढच्या टायरला थांबवायचंही असतं आणि वळवायचंही. त्याची पकड दोन्हींत वाटली जाते, म्हणून गाडी जसजशी कलते तसतसा ब्रेक सोडत जावा लागतो. चांगल्या गेममध्ये हा हिशेब चोख असतो. टायर थंड असेल तर हा हिशेब आणखी कडक होतो.

(दृश्य: पोरगा वळणात. मागून कॅमेरा.)

आता बघा. पडद्यावरची गाडी साठ अंशांच्या आसपास कलली आहे. हा मात्र जेमतेम दहा. आम्हीही विचारलं, एवढंच काहून?

"भाऊ, जास्त कललो तर पडल्यावानी वाटते. खऱ्या गाडीवर तसं वाटत नाही ना."

बरोबर आहे त्याचं. धावती गाडी वळणात झुकते तेव्हा अंगावरचा सगळा भार सीटमधूनच खाली जातो, बाजूला लोंबकळल्यासारखं होत नाही. गाडी जागेवर उभी असेल तर तो भार येणार कुठून? म्हणून त्यानं कल कमी केला, आणि खरेपणा वाढला. आधी पंचवीस अंश ठेवले होते. मग अठरा. दहावर येईपर्यंत शॉकअपच्या तीन जोड्या बदलून झाल्या.

हँडलचंही तसंच. वेगात डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलावी लागते. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचे हात हे करतात, डोक्याला पत्ता नसतो. बटणांच्या कंट्रोलरवर खेळताना आपण फक्त किती झुकायचं ते सांगतो, बाकी सगळं गेम सांभाळतो. इथे ते पुन्हा हातांकडे आलं. याला टाइमपास म्हणणाऱ्यांनी एकदा या सीटवर बसावं.

कॉलेजचे दोन विषय राहिलेत. यंदा काढतो म्हणतो.

(दृश्य: बाबा हात पुसत येतात. सीटवर बसतात.)

बाबांनी तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. हिच्यावर आज पहिल्यांदाच बसतायत.

"मागचा ब्रेक कुठाय रे?"

"पायाखाली आहे बाबा. पण दाबू नका, आधी पुढचा धरा. हळू."

(दृश्य: सरळ रस्ता. उंचवटा. लिव्हरवर बाबांची दोन बोटं, नखांत ग्रीस. निवेदन इथे थांबतं, कूलरचा आवाज राहू द्यावा.)