आधी गोगलगाय, मग पफर

माझं बालपण मालवणचं. रापण ओढून झाली की वाळूवर मासळीचा ढीग पडायचा. बांगडे, तारल्या निवडून टोपल्यांत जायच्या आणि शेवटी वाळूवर उरायचे ते केंड. टुम्म फुगलेले, पोट वर करून पडलेले. आम्ही पोरं त्यांना काडीने डिवचायचो. आजी लांबून ओरडायची, "गो बाय, हात लावू नको त्याका. बोट तोडतलो!" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हाच केंड जाळ्यात शिरून म्हाकूल, म्हणजे स्क्विड, कुरतडतो आणि जाता जाता जाळंही फाडतो. त्याच्यावर रागावलेले मच्छीमार तुम्हाला आजही किनारपट्टीवर भेटतील. थोडक्यात, केंड म्हणजे ब्याद, हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

पुढे नोकरीसाठी मुंबईला आले, संसार झाला, निवृत्तीही झाली. एकदा एका मत्स्यालयाच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत मटाराच्या दाण्याएवढं काहीतरी तरंगताना दिसलं. हिरवट-पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके. एक डोळा माझ्याकडे, दुसरा दुकानदाराकडे. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात त्याचे, सरड्यासारखे. मी म्हटलं, अगंबाई, हा तर केंड!

तर आजचा विषय तो मटाराएवढा केंड. दुकानात 'पी पफर' म्हणून मागितलात की मिळतो. शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस. नावातच त्याचा पत्ता आहे. जुन्या त्रावणकोर संस्थानातल्या पंबा नदीतला हा मासा. १९४१ साली सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जगात तो निसर्गात सापडतो फक्त केरळात आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण कर्नाटकच्या भागात. म्हणजे आपल्याच सह्याद्रीतून खाली उतरणाऱ्या नद्यांचा रहिवासी. परदेशी हौशी मंडळी त्याच्यासाठी जीव टाकतात आणि आपल्याकडे पुष्कळांना तो सिंगापूरहून येतो असं वाटतं.

आता माझी फजिती सांगते. दुकानाचं नाव सांगणार नाही, त्याचा काही उपयोगही नाही. दुकानदार म्हणाला, "काहीही खातो मॅडम, गप्पींबरोबर सोडून द्या." मी नवीन टँक घेतला, नळाचं पाणी भरलं, त्यात चार गप्पी आणि दोन पफर सोडले. तिसऱ्या दिवशी एकाही गप्पीला शेपूट उरली नव्हती. पफरचं पोट मात्र आत गेलेलं. वर टाकलेले फ्लेक्स, माशांचं सुकं खाणं, त्याच्या नाकासमोरून तरंगत खाली जात होते आणि तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. आठव्या दिवशी दोन्ही पफर गेले. मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या, पण खरं सांगायचं तर वाचायचं काम माझं होतं.

चूक कुठे झाली? दोन ठिकाणी. पहिली पाण्यात. मासा पाण्यातच हगतो, मुततो. त्यातून अमोनिया तयार होतो आणि अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. जुन्या, चालत्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजावर जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढता येतं. पण ही वस्ती एका दिवसात होत नाही. चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लागतं तसंच आहे हे. ओळखीच्या कुणाच्या जुन्या फिल्टरमधला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. तो स्पंज नळाखाली धुवायचा मात्र नाही, नळाच्या क्लोरीनने विरजणच मरतं. आणि पफरला खवले नसतात. त्यामुळे ज्या पाण्यात गप्पी तग धरेल त्या पाण्यात हा आधी जातो. तांब्याची औषधं, मिठाचे प्रयोग, हे सगळं त्याला इतर माशांपेक्षा जास्त झोंबतं.

दुसरी चूक जेवणाची. आणि मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

या कुळाचं नाव टेट्राओडॉन्टिडी. अर्थ साधा आहे, चार दातांचे. वर दोन, खाली दोन, एकमेकांना जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले. हे दात जन्मभर वाढत राहतात, उंदराच्या दातांसारखे. कठीण काही कुरतडायला मिळालं नाही तर मोठ्या जातींचे दात इतके वाढतात की तोंड मिटेना होतं. मग लवंगेच्या तेलाने माशाला गुंगी आणून दात कापावे लागतात. आपल्या मटाराएवढ्या पाहुण्यावर सहसा ती वेळ येत नाही, पण शिकारीचं वेड तेच. निपचित पडलेलं खाणं त्याच्या लेखी अन्नच नाही. समोरचं हललं पाहिजे.

त्याला गोगलगाय खाताना बघा एकदा. तो तिच्याकडे झेपावत नाही. हेलिकॉप्टरसारखा एका जागी घिरट्या घालतो. शेपूट जवळजवळ स्थिर, फक्त बाकीचे छोटे पंख थरथरतात. आधी एका डोळ्याने बघतो, मग जरा वळून दुसऱ्या डोळ्याने. गोगलगाईला वाटतं संकट टळलं, ती हळूच अंग बाहेर काढते, शिंगं पुढे करते. हा तसाच थांबलेला. अर्धा मिनिट, एक मिनिट. मग टक्! एवढाच आवाज. कधी कधी काचेबाहेर ऐकू येतो. मऊ अंग ओढून काढतो आणि शंख तळाशी सोडून देतो. माझ्या टँकच्या वाळूत असे रिकामे शंख पसरलेले असतात. धाकटी नात त्याला कब्रस्तान म्हणते.

म्हणून पफर पाळायचा म्हणजे आधी गोगलगायी पाळायच्या. हे ऐकून लोकांचा उत्साह निम्मा होतो, मला माहीत आहे. सुंदर टँक हॉलमध्ये आणि त्याच्यासाठी एक कुरूप टँक गॅलरीत. पण हा कुरूप टँकच सगळा खेळ चालवतो. वीस लिटरचं साधं प्लॅस्टिकचं टबही चालतं. त्यात रॅम्सहॉर्न गोगलगायी सोडायच्या, चपट्या गुंडाळीच्या, मेंढ्याच्या शिंगासारख्या. लांबट शंकूच्या, जाड कवचाच्या नकोत, या छोट्या दातांना त्या जड जातात. उकडलेल्या दुधीची चकती किंवा पालकाचं पान टाकलं की पुरतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं, नाहीतर वास सुटतो आणि घरातली मंडळी दोन्ही टँक रस्त्यावर ठेवतात.

पहिल्या वर्षी माझ्या गोगलगाईंचे शंख पांढरे पडायला लागले, खड्डे पडायला लागले. मुंबईचं पाणी पावसाळी तलावांचं, मऊ. त्यात चुना कमी. शंखाला चुना लागतो. मी काय केलं, काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणला. म्हाकूलाच्या भाऊबंदाचं हाड ते, नुसता चुना. त्याचा तुकडा टबात टाकला आणि महिन्याभरात नवीन वाढलेला शंख गुळगुळीत यायला लागला. केंडाला जेवू घालण्यासाठी पुन्हा समुद्रच कामी आला म्हणायचा.

डासांच्या अळ्याही त्याला फार आवडतात. मीही एकदा मोठ्या हौसेने गॅलरीत बादली भरून ठेवली, अळ्या होऊ दिल्या. नेमके त्याच आठवड्यात डेंग्यूची तपासणी करणारे दारात. त्यांनी बादलीत डोकावलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "या माशासाठी आहेत," म्हटलं. मला वाटलं ऐकून हसतील. नाही हसले. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या, गोठवलेले आणते आणि चिमट्यात धरून पाण्यात हलवत देते, म्हणजे त्याला जिवंत वाटतात.

टँक केवढा? एका पफरला वीस लिटर, पुढच्या प्रत्येकाला दहा लिटर जास्त, असा माझा हिशेब. भरपूर वनस्पती हव्यात, शेवाळ हवं, आडोसे हवेत. एकाला दुसरा सतत दिसत राहिला तर भांडण ठरलेलं. नर ओळखायला सोपा. मोठा झाला की पोटावर मधोमध काळी रेघ येते, डोळ्यांमागे बारीक सुरकुत्या पडतात. मादी गोलमटोल. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. दोन नर छोट्या टँकमध्ये म्हणजे एकच उरणार. शास्त्रीय नावातलं कॅरिनो म्हणजे नावेचा कणा. नर चिडला किंवा रंगात आला की पाठीवरची, पोटावरची कातडी कण्यासारखी उभी करतो. त्याच्या जातीच्या नावात तेच आहे. बाकी कुणीही सोबती नको. "कोळंबी चालेल का?" असं विचारतात. चालेल, जेवण म्हणून.

याचाच एक मोठा भाऊबंद, हिरवा ठिपकेवाला 'ग्रीन स्पॉटेड पफर', 'गोड्या पाण्यातला' म्हणून सर्रास विकतात. लहानपणी गोंडस दिसतो, पण तो पंधरा-सतरा सेंटिमीटरचा होतो आणि त्याला खाडीचं, मचूळ पाणी लागतं. गोड्या पाण्यात तो झिजत झिजत जातो. या माशाचा जनुकसंच २००४ साली उलगडला गेला, माणसाच्या जनुकसंचाच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढा, म्हणून शास्त्रज्ञांना तो प्रिय. दिवाणखान्यासाठी मात्र हा मासा नव्हे.

विष? सगळे विचारतात. हात घातला म्हणून काही होत नाही. खाऊ नका, एवढंच.

आता जरा अवघड मुद्दा. दुकानातले बहुतेक पी पफर नदीतूनच पकडलेले असतात. माशांचे अभ्यासक राजीव राघवन, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक हिशेब मांडला होता. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या तीस जातींचे पंधरा लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी बाहेर गेले. त्यात सगळ्यात जास्त ज्या जाती होत्या, त्यांत हा पफर होता. आणि त्याच्या बरोबरीला कोण? पट्टेरी बोटिया, आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातली. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत पी पफर 'असुरक्षित' वर्गात आहे. वाळूउपसा, प्रदूषण हेही आहेच, सगळा दोष हौशी लोकांच्या माथी मारता येणार नाही. पण मी आता नदीतला घेत नाही. घरी पैदास केलेल्यांकडूनच घेते. तो थोडा महाग पडतो, पण त्याच्या पोटात जंत कमी असतात आणि तो चिमट्यातलं खायला आधीच शिकलेला असतो. माझ्या टँकमध्ये एकदा शेवाळात अंडी झाली होती, पाच-सहा दिवसांत डोळे दिसायला लागले. पिल्लं एवढी बारीक की मोठी वाढली फक्त तीन. तीही मला पुष्कळ वाटली.

मघाशी एका मुलाने चिठ्ठी पाठवली, "तुमचा पफर फुगतो का?" साडेचार वर्षं जगलेला माझा एक नर होता, तो मी दोनदा फुगलेला पाहिला. एकदा कशाने फुगला कळलंच नाही. दुसऱ्यांदा माझ्यामुळे. टँक साफ करताना मी त्याला जाळीने पाण्याबाहेर उचललं. पाण्यात हा पाणी गिळून फुगतो आणि ते सोडून देतो. बाहेर मात्र हवा गिळतो आणि ती बाहेर काढणं त्याला कठीण जातं. पोट वर करून तरंगत राहिला तो, अगदी मालवणच्या वाळूवरल्या केंडासारखा. शेपटीकडून धरून, तोंड वर करून पाण्याखाली हळूहळू हलवला, तेव्हा दोन बुडबुडे सुटले. माझे हात थरथरत होते. तेव्हापासून त्याला हलवायचं असेल तर पाण्यासकट, स्टीलच्या पेल्यातून.

बाहेर टेबलावर मी पिशव्या ठेवल्यात. प्रत्येकीत दहा-दहा रॅम्सहॉर्न आणि समुद्रफेसाचा एक तुकडा. ज्यांना हवंय त्यांनी जाताना न्या, पैसे नकोत. पफर मी एकही आणलेला नाही.