वीस मिनिटं आणि काचेची ट्यूब

पावसाळा लागला, भातलावणी सुरू झाली की कोकणातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) साप चावलेले पेशंट यायला लागतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, कुठला साप होता? अंधारात धड कोणी बघितलेलं नसतं, कोणी म्हणतं फुरसं, कोणी म्हणतं घोणस, आणि कोणी तर साप मारून पिशवीत घालूनच आणतं (हे प्लीज करू नका, मेलेला सापही चावू शकतो).

डॉक्टर सापाच्या नावावर अडून बसत नाहीत, रक्त गोठतंय का ते बघतात. हे बघा, शिरेतून 2 मिली ताजं रक्त काढलं, काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये सोडलं, आता 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही, झालं का बघू म्हणून मधेच हलवायची तर अजिबात नाही, नातेवाईक कितीही घाई करू देत. वेळ झाली की एकदाच तिरकी करायची. गोठलेलं रक्त जागचं हलत नाही. हे मात्र पाण्यासारखं वाहतंय, म्हणजे लगेच एएसव्ही, सापाच्या विषावरचं इंजेक्शन.

गंमत अशी की घोणस आणि फुरशाचं विष आधी रक्त गोठवायलाच लागतं, त्यात फायब्रिनोजेन (ज्याची गुठळी बनते ते रक्तातलं प्रथिन) सगळं खर्ची पडतं आणि मग खरंच गोठायची वेळ आली की काही शिल्लकच नसतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला लागतं. घोणशीचं हेच विष, अगदी पातळ करून, मोठ्या लॅबमध्ये ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटच्या (रक्तात नको तिथे गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीच्या) टेस्टला वापरतात!

ट्यूब काचेचीच हवी, कारण काचेला लागून गोठण्याची सुरुवात होते, प्लास्टिकवर तसं होत नाही. साबणाने धुतलेलीही नको, अंश राहिला तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि गरज नसताना एएसव्ही जातं, ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात, जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

एएसव्ही दिल्यावर 6 तासांनी परत टेस्ट, कारण लिव्हरला रक्त गोठवणारा नवा माल तयार करायला तेवढा वेळ लागतोच.

आणि नाग किंवा मण्यार असेल तर? रक्त व्यवस्थित गोठेल, कारण त्यांचं विष मज्जातंतूंवर जातं, पापण्या मिटायला लागतात, श्वास कमी पडतो. म्हणून टेस्ट नॉर्मल आली तरी पेशंटला घरी सोडत नाहीत, निदान 24 तास ठेवून घेतात.