हस्तांदोलनाचा डबा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या आजीच्या माजघरात, फडताळावर, पत्र्याचा एक चौकोनी डबा असायचा. मूळचा तेलाचा, आठवडी बाजारातून आणलेला. आजी त्यात सांडगे ठेवायची. डब्याचा रंग जागोजागी उडाला होता, पण त्यावरचं एक चित्र शेवटपर्यंत टिकलं. लाल-निळ्या ढालीवर एकमेकांत मिळालेले दोन हात. खाली इंग्रजीत लिहिलेलं : अमेरिकेच्या जनतेकडून, विक्रीसाठी नाही. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती त्याला 'मिलोवाल्यांचा डबा' म्हणायची.

मिलो म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी. १९६५ आणि १९६६, अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला, त्या काळात ज्यांनी रेशनच्या दुकानापुढे पिशवी घेऊन रांगा लावल्या त्यांना मिलो काय ते सांगायला नको. आजी सांगायची, त्या पिठाला विरी म्हणून नाही. कितीही गरम पाणी घालून मळा, भाकरी थापायला घेतली की कडा फुटतात, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. मग तो चुरा ताकात कुस्करून पोरांपुढे ठेवायचा. पोरं तोंड वेंगाडायची, पण उपाशी झोपली नाहीत.

हे धान्य यायचं पीएल-४८० नावाच्या कायद्याखाली. १९५४ मध्ये अमेरिकेनं तो केला. तिथल्या कोठारांत गहू मावत नव्हता आणि इथे पुरत नव्हता. किंमत आपण रुपयांत द्यायची आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यात जमा राहायचे. १९६६ या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हात आखडता घेतला. व्हिएतनाममधल्या बॉम्बफेकीवर भारत टीका करत होता, ते त्यांना झोंबलं. शिवाय भारतानं शेतीकडे नीट लक्ष द्यावं असाही त्यांचा आग्रह होता. मग वर्षाचा करार बंद झाला आणि थोडं थोडं धान्य मोजून सुटू लागलं. जहाज बंदराला लागणार, तेव्हा इथली चूल पेटणार. शास्त्रीजींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं, ते याच काळाच्या तोंडावर. आमच्या घरात कित्येक वर्षं सोमवारी रात्री चूल पेटली नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण, डब्यावरच्या त्या दोन हातांमागची संस्था २०२५ साली बंद झाली.

तिला सगळे 'यूएसएड' म्हणतात. परदेशांना विकासासाठी आणि संकटात मदत देणारी अमेरिकी सरकारची संस्था. १९६१ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ती स्थापन केली. शीतयुद्धाचे दिवस होते. गरीब देश रशियाच्या कच्छपी लागू नयेत हा हेतू त्यात होताच आणि तो कोणी लपवलाही नाही. भारतात तिच्या पैशानं बरंच काही उभं राहिलं. कानपूरच्या आयआयटीला नऊ अमेरिकी विद्यापीठांची साथ मिळाली, आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राला अगदी कमी व्याजाचं कर्ज मिळालं. देशातलं अमुक टक्के मूल कुपोषित आहे असं आपण पेपरात वाचतो, तो आकडा ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून येतो, तिची १९९२-९३ ची पहिली फेरी मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं यूएसएडच्या मदतीनं केली.

पण मदतीबरोबर अटी येतात, आणि अट कधीकधी मदतीच्या मुळावर उठते. एचआयव्हीसाठीच्या पैशाला अमेरिकेनं अशी अट घातली की, पैसे घेणाऱ्या संस्थेनं वेश्याव्यवसायाचा निषेध करत असल्याचं लिहून द्यावं. सांगलीची 'संग्राम' ही संस्था ज्या बायकांबरोबर काम करत होती, त्यांचा त्याच व्यवसायावर चरितार्थ चालत होता. त्यांच्याच हातून निरोधाचा प्रसार होत होता. त्यांच्याविरुद्ध कागदावर सही कशी करायची? २००५ मध्ये संग्रामनं तो पैसा नाकारला. मला या निर्णयाचा फार अभिमान वाटतो. पैशाची गरज असताना नाही म्हणायला काळीज लागतं.

तेव्हा या संस्थेत खोट नव्हती असं मी म्हणणार नाही. तिचा बराच पैसा अमेरिकेतल्याच कंत्राटदारांकडे फिरून जायचा, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. तरीही ती ज्या तऱ्हेनं बंद झाली, ते मला सोसवत नाही.

२० जानेवारी २०२५ ला परदेशी मदत नव्वद दिवस थांबवण्याचा हुकूम निघाला. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री रुबियो यांनी जाहीर केलं की ८३ टक्के कार्यक्रम रद्द. १ जुलैला संस्था संपली आणि उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. सगळं मिळून सहा महिनेसुद्धा नाहीत. सुदानमध्ये युद्धात सापडलेल्या वस्त्यांमधून तरुण पोरं सामुदायिक स्वयंपाकघरं चालवत होती, त्यातली शेकडो बंद पडली. इथिओपियाच्या दुष्काळानंतर, १९८५ मध्ये, उपासमार येण्याआधीच सावध करणारी एक यंत्रणा उभारली होती. पाऊस, पीक, बाजारभाव यांवर तिची नजर असायची. तीही जानेवारीत अंधारात गेली.

एक गोष्ट तुम्हाला जवळून दाखवते. तळहातावर मावेल एवढी पुडी. ९२ ग्रॅम वजन, ५०० कॅलरी. आत शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं. पाणी नको, चूल नको, भांडंही नको. आई कोपरा फाडते आणि हाडाची काडं झालेलं मूल ती चोखतं. काही आठवडे रोज अशा दोन-तीन पुड्या मिळाल्या की मूल बाळसं धरू लागतं. दाण्याचं कूट घालून वाढलेल्या आपल्या पोरांना ती चव परकी वाटणार नाही. अशा पुड्यांचा मोठा खरेदीदार यूएसएड होती. मदत थांबली तेव्हा अमेरिकेतल्या कारखान्यांत तयार पुड्यांची खोकी पडून राहिली. दुबईच्या गोदामात ठेवलेली सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटं वेळेत बाहेर पडली नाहीत, मुदत संपली, आणि ती जाळायची ठरली. पंधरा लाख मुलांना आठवडाभर पुरली असती. अन्न जाळलं, श्रोतेहो. ही बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

परक्याच्या ताटावर जन्मभर कोणी जगू नये, हे आम्हीही मानतो. पण आपण मिलो सोडला तो कसा? १९६६ मध्ये मेक्सिकोहून गव्हाचं अठरा हजार टन बियाणं आणलं, मग विहिरी, खतं, हमीभाव, कोठारं. काही हंगाम जावे लागले. पीएल-४८० चा हिशेब मिटायला १९७४ उजाडलं. अंगावर पिणारं मूलसुद्धा आई हळूहळू तोडते, पेज देते, भात कालवून देते. सुदानच्या त्या वस्त्यांना एक हंगामही मिळाला नाही.

आजी गेली तेव्हा डबा माझ्याकडे आला. २०२२ च्या फेब्रुवारीत बातम्यांत अटारीच्या सीमेवरून अफगाणिस्तानकडे निघालेले ट्रक दाखवत होते. आपण पन्नास हजार टन गहू देऊ केला होता, त्यातले पहिले पन्नास ट्रक. गव्हाच्या पोत्यांवर छापलं होतं, 'भारताच्या जनतेकडून अफगाणिस्तानच्या जनतेला भेट'. मी उठून फडताळाकडे गेले, डबा खाली काढला आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. त्यातलं एखादं पोतं आता कुठल्यातरी अफगाण घरात अंथरलेलं असेल. त्यावर बसणाऱ्या आजीला ती अक्षरं वाचता येत नसतील.

नमस्कार.