डॉक्टरांनी नीट बघितलंच नाही!

श्रोतेहो, नमस्कार.

जत, कवठेमहांकाळ, तासगावकडची माणसं डोळे दाखवायला सांगली-मिरजेला येतात. अर्धा दिवस बाकावर जातो, डॉक्टरांपुढे जेमतेम दोन मिनिटं मिळतात आणि परतीच्या एसटीत एकच तक्रार ऐकू येते, "डॉक्टरांनी नीट बघितलंच नाही." ही तक्रार कधी खरी असते, कधी नसते. ती पारखायची कशी, ते आज बघू.

डोळ्यांच्या तपासणीचा बराचसा भाग डॉक्टरांच्या खोलीबाहेरच उरकतो. सहा मीटरवरचा, किंवा आरशातून दाखवलेला, अक्षरांचा तक्ता एकेक डोळा झाकून वाचून घेतात. कागदावर नजरेचे ६/६ (पूर्ण नजर), ६/१८ (कमी नजर) असे आकडे पडतात. प्रत्येक डोळ्याचा आकडा स्वतंत्र लिहिलेला नसेल, तर तपासणी अर्धवट झाली असं खुशाल समजा. मग फुग्याचं चित्र दाखवणारं मशीन. त्याच्या चिठ्ठीवर येतो तो नंबरचा निव्वळ अंदाज. खरा नंबर ठरतो तो नाकावर जड फ्रेम चढवून, भिंगं बदलत, "आता बरं दिसतं का मघाशी?" असं विचारून. नुसत्या चिठ्ठीवरून चष्मा दिला असेल, तर डोकं दुखू शकतं. साखर वाढलेली असेल, तरीही नंबर चुकतो. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे गेल्यावर तो पुन्हा काढावा.

चाळिशीनंतर डोळ्याचा दाब मोजलेला असावा. तो साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. मात्र दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस निकामी होण्याचा आजार) होऊ शकतो, म्हणून ती आतली नसही बघावी लागते. मधुमेही माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा तर वर्षातून एकदा, औषध घालून, बघायलाच हवा.

हे औषध घालणं म्हणजे गैरसमजाचं माहेरघर. थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, पुढे चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सोसत नाही. "गेलो तेव्हा दिसत होतं, डॉक्टरनं घालवलं," अशी भांडणं यातूनच होतात. पण ही कल्पना आधी द्यायचं काम दवाखान्याचं. त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवा, सोबत कुणाला तरी आणा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: संध्याकाळी डोळा प्रचंड दुखायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या, तर ते पित्त समजून झोपू नका. काहींच्या डोळ्याची रचनाच अशी असते, की बाहुली मोठी झाली की आतल्या पाण्याची वाट बंद होते आणि दाब एकदम चढतो. सकाळची वाट न बघता तेव्हाच दवाखाना गाठा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात खरी कटुता येते ती डोळ्यात बसवायच्या भिंगावरून. ऑपरेशनच्या दिवशी, पेशंट हिरवा गाऊन घालून बसलेला असताना, नातेवाइकाला महागडं भिंग सुचवणं ही वाईट पद्धत आहे. ते बोलणं भिंगासाठी डोळ्याचं मोजमाप होतं तेव्हाच व्हायला हवं. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या भिंगानं रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसू शकतात आणि पडदा खराब असेल तर त्याचा फायदा होत नाही. रात्री ट्रक चालवणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवं. भिंगाच्या खोक्यावर पॉवर आणि सिरियल नंबर छापलेलं स्टिकर असतं; ते आपल्या फाइलमध्ये लावून मागा.

ऑपरेशननंतर कचकच आणि थोडी लाली चालते. पण दुखणं वाढत गेलं, दिसू लागलेलं पुन्हा अंधुक झालं, तर तो आत जंतू शिरल्याचा इशारा असू शकतो. तिथे तास मोजायचे, "सोमवारी या" चालत नाही. दवाखाना दाद देत नसेल, तर मिरजेचं शासकीय रुग्णालय, सांगलीचं सिव्हिल किंवा साताऱ्याचं सरकारी रुग्णालय गाठा.

ऑपरेशननंतर दिलेले, सूज उतरवणारे स्टेरॉइडचे थेंब ठरल्या दिवशीच बंद करा. मेडिकलमधून तीच बाटली परत परत आणणाऱ्यांचा दाब गुपचूप चढतो आणि त्याचा दोष पुढे ऑपरेशनवर येतो.

आता तक्रारीचं. उर्मट बोलणं आणि उपचारातला हलगर्जीपणा, दोन्ही वेगळे. पहिल्यासाठी दवाखान्याच्या व्यवस्थापनाकडे जा. दुसऱ्यासाठी आधी कागद हातात घ्या. लेखी अर्ज केला, की ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती घेऊन दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचं मत लेखी मागा. लेखी मत द्यायला बरेच डॉक्टर कां-कूं करतात. अशा वेळी निदान आजची नजर, दाब आणि पडद्याची स्थिती तारखेसह केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार जाते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची. उपचाराला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर तिथे फी लागत नाही. सगळ्यांवर फुकट उपचार करणाऱ्या सरकारी दवाखान्याची तक्रार मात्र तिथे चालत नाही.

कागदपत्रांच्या अर्जाची दुसरी प्रत करा आणि तिच्यावर तारखेसह पोहोच घ्या. काउंटरवर सही द्यायला नकार मिळाला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती फाइलला लावा.