न दिसणारं आठवं अक्षर

(काळा पडदा. एकाखाली एक दोन शब्द उमटतात.)

दुसऱ्या. खाली पुन्हा, दुसर्‍या.

नीट पाहा. उकार, काना, सगळं जागच्या जागी. पण हे दोन्ही सारखेच ना, असं संगणकाला विचारलं, की तो ठाम नाही म्हणतो. लांबी विचारली, तर उकार, काना, पाय मोडण्याची खूण अशी प्रत्येक खूण वेगळी मोजून वरच्याची ७ सांगतो, खालच्याची ८. आणि यादीत एक शोधायला जावं, तर दुसरा हाती लागत नाही.

फॉण्ट अक्षरांची चित्रं काढतो, आपण ती वाचतो. ज्या चिन्हाला चित्रच नाही, ते समोर असूनही डोळ्यांना सापडत नाही.

(टेलिप्रिंटरची कागदी पट्टी सरकते आहे.)

हा प्रकार जुना आहे. आस्की या संगणकाच्या जुन्या इंग्रजी अक्षर-संकेतात जागा १२८, त्यातल्या ३३ नियंत्रण-चिन्हांच्या. घंटा वाजव, कागद एक ओळ वर सरकव, असे यंत्राला दिलेले हुकूम. चुकलेलं अक्षर खोडायचं तर पट्टीवर त्याच्या सातही जागी भोकं पाडायची, म्हणजे दुहेरी आकड्यांत सात एक. म्हणून खोडण्याच्या चिन्हाचा क्रमांक १२७. यंत्रं गेली, हुकूम राहिले.

ते पाहायला लिनक्सवर कॅट नावाची आज्ञा आहे. तिला मोठा ए जोडला, की ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह येतं आणि विंडोजच्या फाइलीतून आलेला जादाचा हुकूम उघडा पडतो. इंग्रजीपुरतं ठीक. मराठी मजकुरावर चालवून पाहा, अक्षरांची नुसती खिचडी होते.

मराठीसाठी पायथॉन या संगणकभाषेतलं रिप्र बरं; न दिसणारी चिन्हं ते क्रमांकाने दाखवतं. त्यातून खालचा शब्द छापला, की द, स, र जसेच्या तसे येतात; मात्र पाय मोडलेल्या र नंतर उलटी तिरपी रेघ आणि यू२००डी अशी अक्षरं दिसतात.

हेच ते आठवं. झिरो विड्थ जॉइनर, रुंदी शून्य.

ते तिथे आलं कसं? मराठीतला दऱ्या-खोऱ्यांमधला हा र युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात, दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱची वेगळी कळच आहे. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे जॉइनर. दोन्ही रीती मान्य. एकच अक्षर वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं असलं तर ते एकसारखं करणारं युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही, हे विशेष.

मग हे अदृश्य चिन्ह सरसकट उडवून टाकलं तर? बरेच जण तेच करतात. मजकूर साफ करण्याच्या तयार कोडमध्येही ते असतं. उडवून पाहू.

(‘सह्याद्रीच्या दर्‍या’ या अक्षरांतला शेवटचा शब्द बदलतो.)

सह्याद्रीच्या दर्या. जॉइनर जाताच र उडून य च्या डोक्यावर रफार होऊन बसला, आणि दरीत समुद्र शिरला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

म्हणून आधी पाहायचं, मग हात लावायचा. र, मोडलेला पाय आणि जॉइनर हे त्रिकूट दिसलं, की त्या जागी पाय मोडलेला ऱ ठेवायचा. बाकीचे जॉइनर तसेच राहू द्यायचे.

(पुन्हा तेच दोन शब्द. शेजारी आकडे उमटतात.)

७. आणि ७.

आता यादीत ‘दुसऱ्या’ शोधू. दोन्ही सापडले.