बुधवारची फेरी

(दृश्य: नागपूर रेल्वे स्थानकाबाहेरचा रस्ता, रात्री अकराच्या सुमारास. कडेला ओळीने पांघरुणं. चेहरे दिसत नाहीत.)

नागपूर म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. तोंडाला गुंडाळलेले दुपट्टे, रसवंत्या, खिडकीत घरघरणारा कूलर. इथली थंडी बाहेरच्यांच्या गावीही नसते. पण २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे या शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. ज्यांच्या डोक्यावर छप्पर होतं त्यांनी तो आकडा सकाळी मोबाईलवर वाचला.

सावनेरच्या लाल दगडाची ही स्थानकाची इमारत १९२५ साली सुरू झाली. दिल्लीहून चेन्नईला जाणारा आणि मुंबईहून हावड्याला जाणारा, असे देशाचे दोन मोठे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथे उतरलेला प्रत्येकजण इथे यायलाच निघालेला असतो असं नाही. कुणी भांडून घराबाहेर पडलं आणि समोर दिसेल त्या गाडीत बसलं. कुणाला तिकीट तपासनिसाने उतरवलं. कुणाचं डोकं ठिकाणावर नाही, आपण कुठल्या राज्यात आहोत हेही त्याला सांगता येत नाही.

बाकीचे मात्र इथलेच आहेत, आणि कामाचे आहेत. लग्नाच्या हंगामात कॅटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जाणारे, रात्री दीड वाजता मंगल कार्यालयातून सुटणारे. कॉटन मार्केटमध्ये पहाटे पोती उतरवणारे. कबाड वेचणाऱ्या बाया. छत्तीसगड, बालाघाटकडून आलेले बांधकाम मजूर. भीक मागणारे यांच्यात आहेतच, पण फुटपाथवर झोपलेला तो भिकारी, हा आपला हिशेब फार ढोबळ आहे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातले बेघर मोजले गेले, तेव्हा आकडा १७ लाखांच्या वर गेला. त्या रात्री जो पंगतीत वाढत होता तो त्यात आला असेल का, कोण जाणे.

(दृश्य: एक ऑटो येऊन थांबतो. दोन कापडी पिशव्या, एक टॉर्च.)

दर बुधवारी रात्री रस्त्यावरच्या माणसांची विचारपूस करत फिरणारी ही मंडळी सदरमधून आली आहेत. सदर हा नागपुरातल्या ख्रिस्ती लोकांचा जुना भाग. ऑल सेंट्स कॅथेड्रल इथे आहे, कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलही इथेच. सहा चर्चपरंपरांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं, तेही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच. या गटात कॅथलिक आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, दोन्हीकडचे लोक आहेत, त्यामुळे फेरी कुणाच्या नावाने काढायची यावर सुरुवातीला बरीच चर्चा झाली म्हणे. शेवटी नावच ठेवलं नाही. आम्हालाही त्यांनी तीच अट घातली: आमची नावं नकोत, यांचे चेहरे नकोत.

एक निवृत्त परिचारिका, डबे करून देणाऱ्या एक बाई, कॉलेजात शिकणारी दोन मुलं आणि ऑटोवाले दादा. दादा बौद्ध आहेत. ‘मी काई चर्चचा नाई,’ ते हसून सांगतात, ‘पन बाईंच्या शेजारी राहतो. रात्री त्यायले एकट्याले कसं येऊ देनार?’

पिशवीत खिचडी नाही. आम्हाला याचंच आधी नवल वाटलं. यावर परिचारिकाबाईंचं म्हणणं असं, की नागपुरात उपाशी माणसाला खाऊ घालणाऱ्यांची वाण नाही. ताजबागच्या दर्ग्यात लंगर आहे, गुरुद्वाऱ्यात आहे, वर्धा रोडच्या साईमंदिरापाशी गुरुवारी कुणी ना कुणी वाटत असतं, भंडारे तर बाराही महिने. हे सगळं चांगलंच आहे. पण पत्रावळ हातात देणारा पुढच्या माणसाकडे सरकतो. पायाला काय झालंय हे विचारायला त्याला वेळ नसतो, रांग मोठी असते.

म्हणून पिशवीत काय आहे? ड्रेसिंगचं सामान, सलाईनच्या पाण्याच्या बाटल्या, नेलकटर, कात्री, साबणाच्या वड्या, सॅनिटरी पॅड, मोजे, चपला. उन्हाळ्यात यात ओआरएसची पाकिटं येतात.

(दृश्य: टॉर्चच्या उजेडात एक पाय. परिचारिकाबाई जमिनीवर बसून पट्टी सोडत आहेत.)

‘पाय दाखव न माय.’

‘दुखते लय.’

‘दुखनारच. मागच्या बुधवारी मी काय सांगतलं होतं? ओलं होऊ देऊ नको म्हनून सांगतलं होतं ना?’

आजी काही बोलत नाहीत. मग हळूच सांगतात, नळावर जागा ओलीच असते, कपडे कुठे धुवायचे. बाई रागावत नाहीत. प्लास्टिकची पिशवी पायाला कशी बांधायची ते दाखवतात आणि दोन पिशव्या तिथेच ठेवतात. मधुमेह असलेल्या, अनवाणी फिरणाऱ्या माणसाची जखम सोपी नसते. पायाची संवेदना गेलेली असते, खिळा घुसला तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा बोट काळं पडलेलं असतं. हे एका रात्रीत होणारं काम नाही. पट्टी बदलावी लागते, आणि बदलण्यासाठी कुणीतरी परत यावं लागतं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली शोमरोनी माणसाची गोष्ट चर्चमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला पाठ असते. नियमशास्त्राचा एक जाणकार येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशू गोष्ट सांगतो. लुटून अर्धमेला टाकलेला एक वाटसरू, त्याला बगल देऊन पुढे गेलेले दोन धार्मिक लोक, आणि थांबलेला तो परका शोमरोनी. ‘सगळेजन जखमेवर तेल घातलं तिथंच थांबतात,’ बाई म्हणतात. ‘पुढचं कोनी सांगत नाई. त्यानं त्याले उतारशाळेत नेलं, रात्रभर पाह्यलं, सकाळी पैसे देल्ले, अन म्हनला, जास्त लागले तर परत येईन तवा देतो. म्हंजे तो परत येनार होता.’

ख्रिस्ती माणसं रात्री रस्त्यावर सेवा करताना दिसली, की हे धर्मांतरासाठी चाललंय का, हा प्रश्न विचारला जातोच, आणि तो नागपूरला नवा नाही. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल १९५६ साली आला आणि त्यावरचा वाद अजून पुरता शमलेला नाही. या गटाने आपल्यापुरता नियम केलाय: पुस्तक द्यायचं नाही, पत्रक द्यायचं नाही, प्रार्थना कुणी मागितली तरच करायची. चर्चमधल्या काही ज्येष्ठांना हे पटत नाही. शुभवर्तमान सांगायचंच नसेल तर आपल्यात आणि एखाद्या सामाजिक संस्थेत फरक काय राहिला, असं ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. पण भुकेल्या, आजारी माणसाच्या होकाराला किती अर्थ असतो, हाही प्रश्न तितकाच प्रामाणिक आहे, आणि आम्हाला तो जास्त वजनदार वाटतो.

या शहरात ख्रिस्ती सेवा म्हटली की शाळा आणि दवाखाने आठवतात. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे. सीताबर्डीचं म्यूर मेमोरियल हॉस्पिटल १८९६ चं. त्या कामाला भिंती होत्या आणि लोक त्या दारात येत. बुधवारच्या फेरीला दारच नाही.

(दृश्य: पहाट. चहाची टपरी. फुटपाथवरची पांघरुणं गुंडाळली जात आहेत.)

मग हे लोक निवाऱ्यात का जात नाहीत? महापालिकेचे बेघर निवारे आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा नियम असा होता, एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय हवी, दर माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती, म्हणजे हिशेबाने २,४०० जणांची जागा. पण जागा असली तरी अडचणी राहतातच. वाढप्याचं काम मध्यरात्रीनंतर सुटतं. पोती उतरवणाऱ्याला पहाटे बाजाराजवळच असावं लागतं. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागेल ही भीती. दारूचं व्यसन. सामानाचं गाठोडं. एका काकांचा तर कुत्रा आहे, आणि त्याला सोडून ते कुठेही जाणार नाहीत, विषय संपला.

धाकही आहेच. भीक मागणं हा महाराष्ट्रात १९५९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मार्च २०२३ मध्ये सी-२० च्या, म्हणजे जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या गटाच्या, बैठकीसाठी शहर सजलं, तेव्हा सिग्नलवर भिकाऱ्यांनी जमू नये म्हणून पोलिसांनी जमावबंदीचं कलम लावलं होतं. पाहुणे गेले. सिग्नलवरची माणसं काही दिवसांनी पुन्हा दिसू लागली, कारण ती राहतातच इथे.

फेरीचं खरं काम गुरुवारी सकाळी सुरू होतं. कागद. आधार कार्ड हरवलेलं, नंबर आठवत नाही, पत्ता नाही. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र पत्त्यासाठी चालतं, हे या दोन कॉलेजच्या मुलांनी शोधून काढलं. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला किमान १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी आपण पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहतो हे दाखवावं लागतं. पंधरा वर्षं एकाच पुलाखाली काढलेल्या माणसाने ते कसं दाखवायचं? पुलाला घरटॅक्सची पावती नसते. मुलं तरी अर्ज भरतात, परत येतो, पुन्हा भरतात.

आणि दवाखाना. एकट्या बेघर माणसाला सरकारी रुग्णालयात तपासणी मिळते, पण एक्सरेच्या रांगेत त्याची पिशवी कोण सांभाळणार, रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या मजल्यावरून कोण आणणार? नातेवाईक कुठे आहेत, हे प्रत्येक खिडकीवर विचारलं जातं. तिथे बहुतेक वेळा डबेवाल्या बाई उभ्या असतात, स्वयंपाक उरकून.

आम्ही निघताना त्यांना विचारलं, हे पाहून लोक मदत करू म्हणाले तर काय सांगू? त्यांनी फार विचार केला नाही. खिचडी नको. पुरुषांच्या आठ-नऊ नंबरच्या चपला हव्यात, त्या नेहमी कमी पडतात. जुन्या साड्या नकोत, नवे आतले कपडे द्या. आणि आठवड्यात एक सकाळ मोकळी असणारी माणसं हवीत.

‘दुपारी येतो म्हनतात सगळे,’ त्या म्हणाल्या. ‘दुपारी येऊन काय करता? ओपीडीची चिठ्ठी सकाळीच काढा लागते.’