मान डोलावली म्हणजे पटलं असं नाही

(नाशिकला गंगापूर रोडवर ज्येष्ठ नागरिकांच्या एका कट्ट्यावर झालेलं हे बोलणं, रेकॉर्डिंगवरून उतरवलंय. दोनदा आलेलं एकदाच ठेवलंय, बाकी बोलले तसंच आहे.)

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? हात वर करा. हं, बघा, तुम्ही हात वर केलेत, मला कळलं, तोंडातून शब्द नाही आला कुणाच्या.

मी नर्स. तेहेतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची बारा मुलींना नर्सिंग शिकवण्यात गेली. मला विषय दिलाय बॉडी लँग्वेज, आणि सगळ्यांना वाटतं आता ही बाई सांगणार की हाताची घडी घातली म्हणजे माणूस मनातलं लपवतोय, नाक खाजवलं म्हणजे खोटं बोलतोय. तसलं काही मी सांगणार नाहीये, कारण ते खरं नाही, आणि असल्या समजापायी मी स्वतः एका मुलीवर अन्याय केलाय. तेही सांगते, पण आधी घोटीच्या बाजारात जाऊ.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. मामाला बैल घ्यायचा होता, डांगी, आपल्या इगतपुरीकडच्या पावसाला टिकणारा. जनावर बघून झालं, दात बघून झाले, आणि मग मामाने खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या आणि त्या व्यापाऱ्याच्या हातावर टाकला आणि दोघंही गप्प. टॉवेलाखाली बोटं चाललीयेत. चार बोटं दाबली की चार, अख्खा पंजा धरला की पाच, शेकडा की हजार ते दोघांना ठाऊकच असतं. भोवती दहा माणसं उभी पण भाव कुणालाच कळेना. मी मामाच्या तोंडाकडे बघतेय की आता काहीतरी कळेल, तर तो भलतीकडेच, बैलाच्या शिंगांकडे बघतोय. व्यापाऱ्याने एकदा हात झटकला, मामाने परत धरला, दोन-तीन वेळा असं झालं आणि शेवटी टॉवेल उचलला तेव्हा सौदा झालेला होता.

याच्यावर शास्त्र काय म्हणतं? पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली हालचालींची वर्गवारी केली. त्यात एक प्रकार असा की हावभावाचा अर्थ ठरलेला असतो, शब्दासारखाच. मामाची बोटं त्यातली. दुसरा प्रकार आपसूक होणाऱ्या हालचालींचा, पदराचं टोक पिळणं, पाय हलवत राहणं, त्याला ठरलेला अर्थच नसतो. आणि आपली सगळी गडबड इथे होते, की दुसऱ्या प्रकारातली गोष्ट आपण पहिल्या प्रकारातली समजून वाचतो, जणू पाय हलवण्याचाही कुठे कोश छापलाय.

आता त्या मुलीचं सांगते. पहिल्या वर्षाची होती, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून आलेली. वॉर्डात औषधाची एक नोंद चुकली, मी तिला विचारलं तू केलीस का, ती म्हणाली नाही मॅडम, पण मान खाली, नजर जमिनीवर, एकदाही माझ्याकडे बघेना. मी ठरवून टाकलं की हिनेच केलंय. सगळ्यांसमोर बोलले तिला. दोन दिवसांनी कळलं की नोंद दुसऱ्याच कुणाची चुकली होती. मग मी तिला बाजूला घेऊन विचारलं, अगं मग माझ्याकडे बघून का नाही सांगितलंस, तर म्हणाली, मोठं माणूस रागावलं असताना डोळ्याला डोळा भिडवायचा नसतो ना मॅडम, घरी तसंच शिकवलंय. मी तिची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. पण ते दोन दिवस तिचे गेले ते गेलेच.

नंतर मी वाचायला लागले तेव्हा समजलं की ही माझ्या एकटीची चूक नव्हती. खोटारडा माणूस कसा ओळखाल असं संशोधकांनी ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं, २००६ ला ते छापून आलं, आणि सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर हेच की तो नजर चुकवतो. जगभर हाच समज. आणि प्रत्यक्षात? त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र केले, जवळजवळ साडेचोवीस हजार लोकांनी खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केलेला, सरासरी बरोबर आले ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात! डीपॉलोबाईंनी त्याआधी २००३ मध्ये खोटं बोलण्याच्या १५८ खुणा तपासल्या होत्या, त्यातल्या बहुतेकांचा संबंध एकतर नव्हता किंवा इतका पुसट होता की त्यावर कुणाला दोषी धरता येऊ नये.

मग तुम्ही म्हणाल की बाई, देहबोलीचा उपयोग तरी काय. उपयोग खूप आहे, माझी अख्खी नोकरी त्याच्यावर चालली. आमच्याकडे लहान मुलांचं दुखणं मोजायची एक पट्टी आहे, तिला फ्लॅक म्हणतात, १९९७ ची. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या लेकराला, ज्याला सांगता येत नाही, त्याचा चेहरा बघायचा, पाय बघायचे, अंगाची हालचाल, रडणं, आणि पाचवं म्हणजे जवळ घेतल्यावर ते शांत होतंय का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. एकूण दहापैकी. सात किंवा पुढे गेलं तर डॉक्टरांना लगेच बोलवायचं. यात एक गोष्ट मला फार आवडते, ती पाचवी. नुसतं लांबून बघून भागत नाही, तुम्हाला त्या बाळाला उचलावं लागतं, थोपटावं लागतं, आणि मग काय होतंय ते बघावं लागतं.

मोठ्या माणसांचंही तसंच. एक आजी होत्या, निफाडकडच्या, पोटाचं ऑपरेशन झालेलं. सकाळी विचारलं आजी दुखतंय का, तर "नाही गं बाई, बरंय". बरंय म्हणतायत पण पायाची बोटं आत वळलेली, डाव्या हाताने चादर मुठीत धरलेली, आणि कुशीवर वळवायला गेलं की श्वास रोखून धरायच्या, वळून झालं की सोडायच्या. म्हणजे दुखत होतं, एवढं अंगाने सांगितलं. पण मग नाही का म्हणतायत? ते काही पायाच्या बोटांवरून कळत नाही मंडळी. मी स्टूल ओढून बसले, पडदा लावला, म्हटलं आजी आता इथे कुणी नाही, खरं सांगा. तेव्हा हळूच म्हणाल्या, बाहेर लेक बसलाय, कांद्याला भाव नाही यंदा, आणखी इंजेक्शनं लावली तर पैसे कुठून आणेल तो. मी सांगितलं आजी ते इंजेक्शन कधीच लिहून झालंय, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मग चादर सुटली हातातून.

मला आज एवढंच सांगायचंय, की अंग खूण देतं, पण कारण सांगत नाही. कारण विचारावं लागतं.

आणि विचारायची पद्धतही अंगातच असते बरं का. आत्ता मी स्टूल ओढून बसले म्हटलं ना, त्याच्यावर कॅन्ससच्या एका हॉस्पिटलमध्ये अभ्यास झालाय, २०१२ चा, १२० पेशंट घेतले. डॉक्टर काहींच्या खाटेपाशी उभे राहिले, काहींच्या जवळ बसले. वेळ साधारण सारखाच दिला. तरी ज्यांच्याजवळ डॉक्टर बसले त्या पेशंटना वाटलं की डॉक्टर जास्त वेळ थांबले. स्टूल वॉर्डात असतंच, पाय लांब करून ओढायचं फक्त.

अंतराचंही बघा. एडवर्ड हॉल नावाचे मानवशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६६ च्या पुस्तकात माणसामाणसातली अंतरं मोजून मांडली. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त आपली माणसं, त्यापुढे चार फुटांपर्यंत ओळखीपाळखीचे, बारा फुटांपर्यंत कामाचे. ही मापं त्यांच्या अमेरिकेतल्या लोकांवरची, आपल्याकडे सीबीएस स्टँडवरून संध्याकाळी सहाला सिटीलिंकच्या बसमध्ये चढा, ४५ सेंटिमीटर कुठे मिळतात ते मला सांगा. पण तिथेसुद्धा एक गंमत बघा. चेहरे एकमेकांना चिकटलेत आणि सगळे खिडकीबाहेर नाहीतर मोबाइलमध्ये बघतायत. १९६५ मध्ये मायकेल अर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी हेच दाखवलं होतं, अंतर कमी झालं की माणूस नजर कमी करून तोल सांभाळतो. म्हणजे बसमधला माणूस तुटक वागत नाहीये, तुम्हाला जागा देतोय. नर्स म्हणून आम्ही दिवसभर परक्या माणसाच्या त्या ४५ सेंटिमीटरमध्ये घुसत असतो, म्हणून मुलींना पहिल्या दिवसापासून शिकवायचं, हात लावायच्या आधी तोंडाने सांग. "आजोबा, मनगट धरतेय, नाडी बघायला." एवढंच.

आता त्या ९३ टक्क्यांविषयी. तुम्ही कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकलं असेल की बोलण्यातले फक्त ७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज आणि ५५ टक्के चेहरा. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांचे, १९६७ चे. पण त्यांनी काय केलं होतं तर एक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचा, सोबत चेहऱ्याचा फोटो दाखवायचा आणि विचारायचं की या बोलणाऱ्याला समोरचा आवडतो का नाही. आपला "बरं" घ्या. "बरं." "बरं?" "बरं बरं." सासूबाईंनी लांबवून म्हटलेलं "बऽऽरं". इथे शब्दाला काय किंमत, सगळं सुरात आणि भुवयांत. पण गोळी जेवणाआधी घ्यायची का नंतर, अर्धी का पूर्ण, हे मी ९३ टक्के हातवाऱ्यांनी सांगू शकेन का? मेहराबियन स्वतःच सांगत आलेत की हे फक्त भावना आणि आवडनिवड यांच्यापुरतं आहे. तरी तो आकडा स्लाइडवर फिरतोच आहे, मला त्याचा खरंच राग येतो, कारण तो ऐकून माणसं शब्दांकडे दुर्लक्ष करायला शिकतात.

आपल्याकडे याचा विचार फार बारकाईने झालाय. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी नुसत्या डोक्याच्या हालचाली तेरा सांगितल्यात आणि नजरा छत्तीस. डोकं सावकाश आडवं हललं तर ते धुत, तेच भराभर हललं तर विधुत, आणि विधुत कशासाठी तर थंडी, ताप, भीती यांसाठी. पण हे रंगमंचासाठी आहे, तिथे नटाने आणि प्रेक्षकाने अर्थ आधीच ठरवून घेतलाय, टॉवेलाखालच्या बोटांसारखा. वॉर्डातल्या माणसाने असं काही ठरवलेलं नसतं. डॉक्टर पाच मिनिटं समजावतात, पेशंट मान डोलावतो, डॉक्टरांना वाटतं समजलं. त्या मान डोलावण्याचा अर्थ "ऐकतोय" असेल, "तुमचा मान राखतोय" असेल, "लवकर सोडा, पेठची शेवटची गाडी चुकेल" हाही असेल. म्हणून आम्ही विचारायचो, काकू, घरी गेल्यावर सूनबाईंना कसं सांगाल हे, मला सांगून दाखवा. दहातल्या चार जणी तरी तिथेच अडकायच्या, आणि अडकल्या की आम्ही परत सांगायचो.

एक जुना खटला सांगते, माझ्या वकील भावाने मला सांगितलेला. १८८५, अलाहाबाद हायकोर्ट. दुलारी नावाच्या एका बाईचा गळा कापलेला, शुद्धीत होती पण आवाज नाही. तिला एकेक नाव घेऊन विचारलं, याने केलं का, त्याने केलं का, आणि अब्दुल्लाचं नाव आल्यावर तिने हाताने होकाराची खूण केली. पुढे ती गेली. कोर्टापुढे प्रश्न आला की ही खूण म्हणजे जबानी धरायची का. बहुमताने ठरलं की हो, विचारलेला प्रश्न आणि त्यावरची तिची खूण दोन्ही मिळून तिचं म्हणणं होतं. नुसता हात हलला असता तर त्याचा अर्थ कुणी कसा लावला असता?

प्रश्न घेऊया. हं, इंटरव्ह्यूच्या आधी कसं उभं राहावं, बसावं ते विचारताय, नातवासाठी. रुबाबात, अंग पसरून दोन मिनिटं बसलं-उभं राहिलं की हार्मोन बदलतात असं २०१० मध्ये छापून आलं होतं, नंतर मोठ्या अभ्यासात ते काही सापडलं नाही आणि मूळच्या एका संशोधक बाईंनीच २०१६ मध्ये सांगितलं की त्यांचा आता त्यावर विश्वास नाही. नातवाला म्हणावं झोप नीट घे आणि कंपनीची माहिती वाचून जा.

मागे काका उभे आहेत. बोला काका. ... काका म्हणतायत की काकूंना पॅरालिसिसचा झटका आला, आठ महिने झाले, बोलता येत नाही, चेहऱ्यावरही काही उमटत नाही, आणि यांना वाटतं की त्या रागावल्यात.

काका, आधी हे, की चेहऱ्याचे स्नायूच कमजोर झालेत. ज्या बाजूला झटक्याचा परिणाम झालाय त्या बाजूला हसू उमटतच नाही, आत असलं तरी. त्याला राग समजू नका. दुसरं, अशा आजारात काही जणांचं हो आणि नाही उलटसुलट होतं, मान होकाराची हलते आणि म्हणायचं असतं नाही. म्हणून एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी विचारा. चहा हवा? मग थोड्या वेळाने, चहा नको? दोन्हीला मान हललीच तर वस्तू दाखवा, एका हातात कप, एका हातात पाण्याचा पेला, आणि नजर कुठे जाते ते बघा. टीव्ही बंद ठेवा. समोर बसा, उभं राहून विचारू नका. एका वेळी एकच प्रश्न. स्पीच थेरपिस्टना दाखवलंय का? नसेल तर दाखवा, आठ महिन्यांनीही उपयोग होतो.

किती वेळ थांबायचं म्हणता? मनातल्या मनात दहापर्यंत मोजा काका, सावकाश. मध्ये दुसरा प्रश्न टाकू नका. उद्या सकाळच्या चहालाच करून बघा, आणि पुढच्या गुरुवारी मी इथे आहे, कप बघितला की पेला ते मला येऊन सांगा.